‘स्वयंनिर्णय’, ‘सार्वमत’ आणि आपला ‘कौल’

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर गोव्यात १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं, त्याला ‘सार्वमत’ म्हणावं की ‘स्वयंनिर्णय’?

दोन्ही नको. मतपेटी दिसली की ‘स्वयंनिर्णय’ लिहून मोकळं व्हायची खोड वाढत चालली आहे. स्वयंनिर्णय हा हक्क. सार्वमत ही तो बजावण्याची एक रीत. हक्क कोणाचा, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे लोकसमूहांचा. (‘लोकांचा’ लिहू नका, तो सुट्या माणसांचा वाटतो.) १९६०च्या ठराव १५१४ने तो वसाहतींना दिला. दुसऱ्याच दिवशीच्या १५४१ने वाटा सांगितल्या तीन: स्वतंत्र होणं, दुसऱ्या देशाशी स्वेच्छेनं संलग्न राहणं किंवा त्यात विलीन होणं. पूर्व तिमोरनं ३० ऑगस्ट १९९९ला ७८.५ टक्के मतांनी इंडोनेशियाअंतर्गत स्वायत्तता नाकारली, तो खरा स्वयंनिर्णय. गोव्यात प्रश्न होता महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. देश बदलणारच नव्हता. म्हणजे स्वयंनिर्णय नाही, आणि त्याची रीत म्हणून सार्वमतही नाही.

म्हणून ‘जनमत कौल’ हेच नेमकं नाव, आणि काय शब्द आहे तो! अरबी ‘क़ौल’ म्हणजे बोलणं, दिलेला शब्द. ‘कव्वाल’ही त्याच घरातला. फारसीतून मराठीत आला तो दप्तरी थाटात: ओस पडलेलं गाव पुन्हा वसावं म्हणून रयतेला अभयाचं, सवलतीच्या साऱ्याचं लेखी वचन, तो कौलनामा. सरकार कौल देतं तर देवानं का देऊ नये? देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवीकडची पडली की होकार, हा देवाचा कौल. तो देवळात शिरला तो इथूनच, असं माझं ठाम मत. ‘कुलदेवते’पासून ‘कौल’ काढणाऱ्या पंडितांनी आधी ‘कौलनामा’ कुठल्या कुळातला ते सांगावं. छपरावरचं कौल तर निराळंच. ते नपुंसकलिंगी, हा पुल्लिंगी.

गंमत म्हणजे कौल नेहमी वरून खाली यायचा, सरकाराकडून रयतेला, देवाकडून भक्ताला. जनमताच्या कौलात रयत बोलते आणि सरकार पाकळीकडे बघत बसतं.

आणि पाकळी म्हणावी तर १९६७ला विलीनीकरणाची निशाणी होती फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. फुलाला उजवा कौल काही मिळाला नाही.