टेस्ट-वॉर्निंग्जचं डेबियन पॅकेज पहिल्यांदा करताना

भाऊ, आधी नाव. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) 'टेस्ट::वॉर्निंग्ज', तर डेबियन या लिनक्समधलं पॅकेज 'लिबटेस्ट-वॉर्निंग्ज-पर्ल'. पॅकेजच्या फाइलींचा सांगाडा डीएच-मेक-पर्ल हे साधन काढून देतं. कॉपीराइटची फाइल मात्र स्वतः वाचून भर. शुद्ध पर्ल आहे, म्हणून आर्किटेक्चर 'ऑल', म्हणजे सगळ्या प्रकारच्या मशीनवर एकच पॅकेज.

खरी गोम चाचण्यांत आहे. हे मॉड्यूल शेवटी एक जादा तपासणी करतं: मधे कुठं वॉर्निंग तर आली नाही ना? चाचणीच्या शेवटी 'डन_टेस्टिंग' असेल तर मोजणी आपोआप जुळते. पण जुनं 'टेस्ट::नोवॉर्निंग्ज' असेल अन् तुझ्या चाचण्या 12 असतील, तर प्लॅनमध्ये, म्हणजे आधी सांगायच्या चाचण्यांच्या आकड्यात, 13 लिही. इथंच पुष्कळजण अडकतात.

अन् वॉर्निंग तुझ्याच कोडची असंल असं नाही. उदाहरणार्थ, पर्ल 5.38 मध्ये स्मार्टमॅच (तुलनेचं '~~' हे चिन्ह) डेप्रिकेटेड, म्हणजे 'वापरू नका' असं, झालं; 5.42 मध्ये ती वॉर्निंग काढली. मधल्या पर्लवर ते वापरणारं, तुझं पॅकेज ज्यावर उभं आहे असं एखादं मॉड्यूल चाचणीत लोड होताना कुरकुरलं, की वरचं धडधाकट पॅकेज बिल्डमध्ये पडतं. म्हणून चाचणी बंद करू नको. वॉर्निंगसोबत फाइल अन् ओळ छापलेली असते. पॅच (दुरुस्ती) तिथं लाव.

बिल्ड एसबिल्ड या साधनाच्या कोऱ्या चरूटमध्येच (वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छ सिस्टिममध्ये) कर. हातानं चरूटमध्ये शिरलास अन् लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी असेल तर पर्ल 'सेटिंग लोकेल फेल्ड' म्हणून ओरडंल. ते पर्ल सुरू होतानाच छापतं, चाचणी त्यानं पडत नाही; 'एलसी_ऑल=सी' ठेव. बीड-लातूरकडं नेटचा काही भरवसा नाही, तेव्हा उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारं ॲप्ट-कॅचर-एनजी बसव. तीच डिपेंडन्सी (लागणारी इतर पॅकेजं) दरवेळी उतरवायला नको.

अपलोडआधी पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन चालव.