कोळशाच्या विजेवर चार्ज केलेली इलेक्ट्रिक कार खरंच कमी प्रदूषण करते का?

हो करते, पण जाहिरातीत म्हणतात तसं शून्य वगैरे काही नाही. साधा हिशोब बघा, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 15 चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला दीडशे ग्रॅम सोडते. आपल्या ग्रिडची, म्हणजे बहुतांश कोळशावरची वीज युनिटला 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते (केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा काढतं) आणि मधल्या साइजची ईव्ही युनिटला 6-7 किलोमीटर जाते, मग झाले शंभर ते सव्वाशे ग्रॅम, शिवाय सिग्नलला धूर नाकात जात नाही, तो कोराडी-चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या चिमणीतून निघतो, तिथल्यांचं नशीब. फक्त बॅटरी बनवतानाच बराच कार्बन सुटलेला असतो, त्यामुळे गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर काढणार असाल तर तो भरून निघायला वर्षानुवर्षं जातील.