गाईडचा एच-इंडेक्स ६२ की १४? आकडे जरा उघडून बघ

प्रश्न: ताई, माझं एमएस्सी फिजिक्स झालंय. क्वांटम इन्फर्मेशनमध्ये पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका सरांचा एच-इंडेक्स ६२ आहे, सायटेशन २०,००० च्या आसपास. दुसऱ्या मॅडम तशा नव्या, एच-इंडेक्स १४ आणि सायटेशन ९००. मला मॅडमचं काम जास्त आवडतंय, पण बाबा म्हणतात आकडे समोर असताना विचार कसला करतेस. दोघांच्या गुगल स्कॉलर प्रोफाइलचे स्क्रीनशॉट पाठवतेय.

उत्तर: बाबांना दोन आकडे दिसले, त्यांनी मोठा उचलला, कुणीही तेच करेल गं. पण तू स्क्रीनशॉट पाठवलेस ते बरं झालं, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आधी एच-इंडेक्सचं बघू. २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या एका फिजिक्सवाल्यानेच हा आकडा काढला. १४ म्हणजे असे १४ पेपर की प्रत्येकाला निदान १४ सायटेशन, म्हणजे नंतरच्या पेपरांनी दिलेले संदर्भ, आहेत. आता हा आकडा वर्षं जातात तसा चढतच जातो, माणूस रिटायर झाला तरी चढतो, म्हणजे वय त्यात आपोआप मिसळलेलं असतं. म्हणून हिर्शनेच सुचवलं होतं की पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्याने भागून बघा. सरांचा पहिला पेपर ३१ वर्षांपूर्वीचा, म्हणजे आले २. मॅडमचा ८ वर्षांपूर्वीचा, म्हणजे पावणेदोन. एवढाच फरक! हा हिशोब बाबांसमोर बसून कर.

आता सरांच्या यादीतले वरचे तीन पेपर बघ. दोन रिव्ह्यू आर्टिकल, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, आहेत, तिसरा सत्तरेक लेखकांचा प्रयोगाचा पेपर, आणि या तिघांचेच मिळून ११,००० सायटेशन होतात. रिव्ह्यूला सायटेशन पडणारच, कारण नवीन पेपर लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात त्याचं नाव टाकून मोकळा होतो. एंटँगलमेंटवर (कणांच्या क्वांटम गुंतणुकीवर) काही लिहिलंय आणि हॉरोडेकी घरातल्या चौघांचा २००९ चा रिव्ह्यू त्यात नाही, असं क्वचितच होतं. रिव्ह्यू लिहायला विषय कोळून प्यायलेला लागतो, तेव्हा सरांना कमी लेखत नाहीये मी, पण त्या आकड्यावरून गेल्या पाच वर्षांत तिथे काय चाललंय ते कळत नाही, आणि तुला तर पुढची पाच वर्षं तिथे काढायचीत.

शिवाय तुझ्या विषयाचा स्वभावच असा की चांगलं काम कधीकधी वर्षानुवर्षं पडून राहतं. जॉन बेलचा १९६४ चा पेपर ज्या जर्नलमध्ये आला ते काही वर्षांतच बंद पडलं, सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कुणी वळूनही बघितलं नाही, आणि २०२२ चं नोबेल त्यात मांडलेल्या बेलच्या असमानतेवरच्या प्रयोगांना मिळालं. स्टीफन वीझनरने क्वांटम पैशाची, म्हणजे नक्कल करता न येणाऱ्या नोटांची, कल्पना १९७० च्या सुमारास लिहिली, ती छापून यायला १९८३ उजाडलं, आणि त्याच कल्पनेवरून बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये बीबी८४ मांडलं, म्हणजे गुप्त किल्ली सुरक्षितपणे पाठवायची क्वांटम पद्धत, तेसुद्धा मोठ्या जर्नलमध्ये नाही, बंगलोरच्या एका कॉन्फरन्सच्या प्रोसिडिंग्जमध्ये. पण म्हणून कमी सायटेशन म्हणजे लपलेला हिरा असं काही डोक्यात घेऊ नकोस हां, बहुतेक वेळा कमी म्हणजे कमीच असतं.

मग बघायचं काय? कोण सायटेशन देतंय आणि कशासाठी देतंय. मॅडमचा चौथा पेपर घे, ४१ सायटेशन आहेत. मी ती यादी उघडली. बरेचसे नेहमीचे, दहा-बारा संदर्भांच्या गठ्ठ्यात कोंबलेले. पण त्यात दोन प्रयोगवाले ग्रुप आहेत ज्यांनी मॅडमची पद्धत घेऊन प्रत्यक्ष मोजमाप केलंय, पेपरच्या मधल्या भागात, नाव घेऊन. माझ्या लेखी ती दोन सायटेशन गठ्ठ्यातल्या शंभरांना भारी आहेत. सरांच्या अलीकडच्या तीन-चार पेपरचंही असंच कर, फक्त स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन बाजूला काढ, स्कॉलर ती वेगळी दाखवत नाही. आणि एकाचे आकडे स्कॉलरवरचे, दुसऱ्याचे स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसवरचे असं करू नकोस, स्कॉलर प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे पेपर) आणि थीसिससुद्धा धरतो त्यामुळे तिथे आकडा फुगतो.

विद्यार्थी पहिले लेखक आहेत का हेही बघतात, बघ तूही. फक्त तुझ्या विषयात एक मेख आहे, कॉम्प्युटर सायन्सकडे झुकलेल्या थिअरीच्या पेपरमध्ये नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे तिथे पहिलं नाव म्हणजे जास्त काम असं नसतं. आधी ग्रुप कुठली पद्धत पाळतो ते बघून घे. सरांच्या यादीत मला प्रयोगाचे पेपर जास्त दिसले, तिथे क्रमाला अर्थ आहे, आणि गेल्या चार वर्षांत पहिलं नाव बहुतेक पोस्टडॉकचंच, म्हणजे पीएचडी आधीच झालेल्या संशोधकाचं आहे, विद्यार्थ्याचं नाही. हे मला जरा खटकलं.

माझा कल मॅडमकडे आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण नव्या गाईडकडे फंडिंग किती वर्षांचं आहे आणि त्या तिथे पर्मनंट आहेत का, हे त्यांनाच मेल करून सरळ विचार, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आणि दोन्ही ग्रुपमधल्या एकेका तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी फोनवर बोल, मेलवर कुणी खरं लिहीत नाही. विचार की पहिला पेपर कितव्या वर्षी आला, गाईड आठवड्यातून किती वेळ भेटतात, आणि मधेच कुणी सोडून गेलं का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर मला कळव, मग बोलू.