सोलापुरात दुकानं-ऑफिसांची तीन मजली इमारत कमी खर्चात, कमी वीज खाणारी कशी बांधावी?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "दर्शनी भाग पश्चिमेला आहे, तिथे पूर्ण काच करायची आहे, सोलर किती किलोवॅट लागेल?" ही काच मधे आली नसती तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.

काच लावू नका.

विजापूर रोडला आमची इमारत आहे, तोंड पश्चिमेलाच. धाकट्या काकांनी हट्टच धरला, "पुण्यात बघून ये की रे. काचेशिवाय गाळ्याला कोण भाडं देतंय?" मी म्हणत होतो, विटांची भिंत, छोट्या खिडक्या, बाहेर टेराकोटा (भाजलेल्या मातीची) जाळी. आमचे वडीलही काकांच्याच बाजूने गेले. निळी काच आली.

पहिल्याच एप्रिलात खालच्या साडीवाल्याच्या पुढच्या थप्पीतल्या साड्यांचा घडीवरचा रंग उडाला. दुपारी चारला काउंटरच्या स्टीलच्या पट्टीवर हात ठेववत नव्हता. शेवटी त्याने काचेला आतून चादरी टांगल्या. रस्त्यावरून दिसायचं काय, तर लाखोंची निळी काच आणि त्यामागे उलट्या बाजूने मोर! काका म्हणाले, एसी वाढवा. एसी वाढले, लोड २० किलोवॅटच्या वर गेला आणि बिलात केव्हीएवर, म्हणजे विजेच्या कमाल मागणीवर, डिमांड चार्ज सुरू झाला. चादरींचा उपयोग तरी काय होणार? काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि खोलीही तापते. सावली काचेच्या बाहेरच पाहिजे. पुढे मी बाहेरून जाळी बसवून घेतली तेव्हा कुठे चादरी उतरल्या. खर्च मात्र दोनदा झाला.

दक्षिणेला दीड-दोन फुटी छज्जा भागतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्जाला जुमानत नाही. जिना, संडास, स्टोअर त्या बाजूला टाका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणून गच्चीला पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) हवाच. उपाय स्वस्तातला आहे. भिंतीला एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे) घ्या, नऊ इंची विटेच्या निम्म्याहून कमी उष्णता आत येते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, जुना पंखा ७५ वॅट खातो तिथे हा तीसेक.

सोलरचं म्हणाल तर एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. किती लागेल ते काच रद्द केल्यावर मोजा. आर्किटेक्ट ऐकत नसेल तर काचेसकट आणि काचेशिवाय किती टन एसी लागेल ते लेखी मागा. घरातलं कोणी वडीलधारं हटून बसलं असेल तर कॉमन मीटर त्यांच्या नावावर घ्या. आमच्याकडे हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. एएसीवर प्लास्टर करताना कॉलमच्या सांध्याला तारेची जाळी मारा, नाहीतर तडे जातात. कनेक्टेड लोड १०० किलोवॅटच्या पुढे जाणार असेल तर इमारतींसाठीच्या सरकारी ऊर्जा संहितेचे नियम आधी तपासा, मी सांगतोय ते छोट्या इमारतीपुरतं. आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर एसीपेक्षा कितीतरी स्वस्तात थंड करतो, पण तो पाणी पितो आणि नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा टाकी मोठी बांधा.