शाळेत मुलांचं सर्वेक्षण करायचं आहे. माहिती गुप्त राहावी म्हणून काय काळजी घ्यावी?

“नाव तर लागेलच, नाहीतर मदत कोणाला करणार?” तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि आमचे जुने हेडसर डोळ्यांपुढे उभे राहिले. शब्दसुद्धा तेच.

तुम्ही विचारलंय ते असं: आठवी ते दहावीच्या मुलांकडून मोबाइल, ताणतणाव आणि घरचं वातावरण यावर गूगल फॉर्म भरून घ्यायचा आहे, तर पालकांची संमती लागते का, शीटला पासवर्ड कसा लावायचा, आणि संमतिपत्राचा तयार नमुना कोणाकडे आहे का. खाली प्रश्नावलीही चिकटवली आहे. त्यातला नववा प्रश्न, “घरात भांडण झाल्यावर तू कुठे जातोस/जातेस?”, तुम्ही स्वतः एकदा तेरा वर्षांच्या पोराच्या जागी बसून वाचलाय का?

पासवर्डचं नंतर. आधी माझं ऐका.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ऑक्टोबर २०१७. गांधी जयंतीचा आठवडा, म्हणजे व्यसनमुक्ती सप्ताह. प्रभातफेरी, घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा दरवर्षी व्हायच्या. त्या वर्षी हेडसरांना वाटलं, काहीतरी ठोस करू. त्यांनी स्वतः बसून एक पानी फॉर्म काढला आणि झेरॉक्स मारून आणला. वर नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. खाली बारा प्रश्न. घरात दारू कोण पितं? रोज की कधीमधी? प्यायल्यावर मारहाण होते का? आईला की तुम्हाला? हेतू वाईट नव्हता, हे आज कबूल करते. ज्या घरी दारू आहे तिथे स्वतः जाऊन बापाला समजवायचं, असं त्यांच्या मनात होतं आणि ते जाणारा माणूसच होते.

मी स्टाफरूममध्ये म्हटलं, “सर, नाव नको.” ते म्हणाले, “बाई, नाव नसेल तर मदत कोणाला करायची? हवेला?” सगळे हसले. मी गप्प बसले.

मी आठवी ब ची वर्गशिक्षिका. पट ४१, त्यात मुली १७. फॉर्म वाटले तर मुलं पेनाचं टोपण उघडेनात. एकमेकांच्या कागदाकडे बघत बसली. तेव्हा मी म्हणाले, “खरं लिहा. माझ्याशिवाय हे कोणी बघणार नाही.” हे मला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. वाक्य माझंच.

एका मुलीने खरं लिहिलं. बाराही उत्तरं लिहून जागा पुरेना, म्हणून कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. तिच्याबद्दल याहून जास्त इथे सांगणार नाही, उगाच अंदाज बांधू नका.

दोन दिवसांनी निरोप आला: माहिती एक्सेलमध्ये भरून चार वाजेपर्यंत पाठवा. शाळेतली सगळी माहिती चार वाजेपर्यंतच लागते, ती का हे आजवर कोणाला कळलेलं नाही. मी ऑफ तासाला बसून ४१ ओळी भरल्या. शेवटी ‘शेरा’ असा रकाना होता. तिने मागच्या बाजूवर लिहिलेलं मी त्यात दोन ओळींत बसवलं. ते टाइप करताना मला काही खटकलं होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. नव्हतं खटकलं. चार वाजत आले होते.

मी फाइल हेडसरांना पाठवली. त्यांना सगळ्या तुकड्यांच्या याद्या एकत्र करून घ्यायच्या होत्या आणि ते काम ज्या सरांकडे होतं ते रजेवर. म्हणून त्यांनी सगळ्या फाइली स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. ग्रुपमध्ये आम्ही २३ जण. त्यातल्या एका सरांचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि त्याचा गेम सरांच्या फोनवर होता.

सोमवारी वर्गात गेले तर फळ्यावर ‘९० मिली’ लिहिलेलं. मला वाटलं, विज्ञानाच्या तासाचं पुसायचं राहिलंय. मी डस्टर घेऊन पुसलं आणि वर्ग खदखदून हसला. एक बाक सोडून.

तिने शाळा सोडली वगैरे नाही. रोज यायची. पण नंतर दोन वर्षं तिच्याकडून जेवढे म्हणून फॉर्म भरून घेतले, आरोग्य तपासणीचा असो नाहीतर कसलाही, त्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. चष्म्याचा नंबर वाढला होता, तेही ‘नाही’. तिची आई एकदा शाळेत आली. भांडायला नाही. पदर सारखा करत म्हणाली, “बाई, पोरीनं लिवलेला तेवढा कागद माघारी मिळंल का?” मी कपाटातून काढून दिला. कागद एक होता, फोन तेवीस होते.

हेडसरांचं म्हणणं, चूक त्या पोराची. त्याला बोलावून कानाखाली वाजवली. मग म्हणाले, त्या सरांनी फोनला लॉक ठेवायला हवा होता. तुम्ही पासवर्डचं विचारलंत, म्हणून हे मुद्दाम सांगते. तेव्हा सगळ्या फोनांना लॉक असते तरी फळा तसाच रंगला असता, फक्त दोन महिने उशिरा. ती यादी झाली तिथेच चूक झाली. यादीच नसती तर चोरायला काय होतं?

गंमत बघा, त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला होता. आमच्याकडे नागरिकशास्त्राच्या सरांनी परिपाठात त्यावर पाच मिनिटं सांगितलंही होतं. सहा आठवड्यांनी आम्ही ते फॉर्म वाटले.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

संमती? घ्याच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, पण म्हणून तोवर कसंही वागायला मोकळीक आहे असं समजू नका. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना नियमांत थोडी सूट आहे. मात्र ‘घरात भांडण झाल्यावर कुठे जातेस’ हे त्या सवलतीत बसवायला चांगला वकील लागेल. मुलांच्या बाबतीतलं कलम मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. आमच्या वेतनेतर अनुदानात खडूचा खर्चही नीट भागत नाही, त्यामुळे हा आकडा ऐकून स्टाफरूममध्ये कोणी घाबरलं नाही.

हा कायदा डिजिटल माहितीला लागतो. कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवली तरी लागतो. कागद कागदच राहिला तर लागत नाही. मी कागदाच्या बाजूची आहे, पण कायद्याला चुकवायला नव्हे. कागद फॉरवर्ड होत नाही, एवढंच कारण. फक्त तो शिपाईमामांच्या हवाली करू नका. उन्हाळ्यात शाळेची रद्दी निघते आणि मी स्वतः आठवडी बाजारात आमच्याच चाचणीच्या पेपरवर भेळ खाल्ली आहे, मुलाच्या नावासकट. मोजणी झाली की स्वतः उभं राहून जाळा. आणि कागद गोळा करायला मॉनिटरला सांगू नका, तो वाचतो. मी मॉनिटर होते तेव्हा मीही वाचायची.

गूगल फॉर्मच हवा असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दिसण्याची सोयही बंद. उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ वर कधीही ठेवू नका. फॉर्म कोणा सरांच्या खासगी खात्यावर बनवू नका, नाहीतर उद्या ते शाळा सोडून गेले की उत्तरं त्यांच्याबरोबर जातील. हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. कोणी सांगत नाही ते असं, की फॉर्म प्रत्येक उत्तराला वेळ चिकटवतो. संगणक कक्षात आपण मुलं हजेरी क्रमांकाने पाठवतो. मग १०:४२ चं उत्तर कोणाचं, हे हजेरीपट समोर धरला की दुसरी-तिसरीतलं पोरही सांगेल. नाव काढलंत आणि वेळ ठेवलीत, तर नाव ठेवल्यासारखंच.

तीच गोष्ट बारक्या प्रश्नांची. ४१ च्या वर्गात ‘मुलगी, घरी कन्नड बोलतात, वडील एसटीत’ एवढं विचारलं की एकच पोर उरते. आधी बेरीज-वजाबाकी करून बघा: तुमचे लिंग, तुकडी, भाषा, वडिलांचा व्यवसाय हे रकाने एकत्र धरले तर किती मुलं एकेकटी पडतात? माझ्या वर्गाचं मी एकदा काढून पाहिलं होतं, निम्म्याच्या पुढे गेलं. अशा वेळी वर्गाचा तक्ता करूच नका, सगळ्या तुकड्यांची मिळून बेरीज करा, आणि ज्या खान्यात पाचापेक्षा कमी मुलं येतील तो आकडा कोणाला दाखवू नका.

“आमचा डेटा सरकारी पोर्टलवर आहे, सुरक्षित आहे,” असंही तुम्ही लिहिलंय. जानेवारी २०२३ मधली, केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शिक्षणाच्या ॲपची बातमी आठवा. त्या ॲपची क्लाउडवरची साठवण वर्षभराहून जास्त काळ उघडी पडली होती आणि त्यात सुमारे सहा लाख विद्यार्थी आणि दहा लाखांवर शिक्षकांची माहिती होती. सरकारी असलं म्हणजे कुलूप असतंच असं नाही.

राहिला मुख्य मुद्दा, मदत कोणाला करायची. हेडसर, तुम्ही हे वाचणार नाही, तरी सांगते. २०२२ मध्ये एनसीईआरटीने देशभरातल्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं, त्यात नावाचा रकाना ऐच्छिक ठेवला होता. एवढ्या मोठ्या कामाला नाव सक्तीचं लागलं नाही आणि आपल्याला ४१ जणांसाठी लागलं. मोजणं वेगळं, मदत वेगळी. आता आम्ही माझ्या वर्गात असं करतो: फॉर्म बिननावाचा, फक्त बरोबरच्या खुणा करायच्या, कारण वर्गशिक्षिकेला अक्षर ओळखता येतं. त्यासोबत सगळ्यांना एक कोरी चिठ्ठी. ज्याला बोलायचंय त्याने चिठ्ठीवर नाव लिहायचं, ज्याला नाही त्याने ती कोरीच घडी करायची, आणि सगळ्यांनी दुसऱ्या पेटीत टाकायची. गेल्या वर्षी तीन नावं आली. तिघांशीही बोलले, वर्गात नाही.

एक राहिलंच. “कोणालाही सांगणार नाही” असं मुलांना चुकूनही म्हणू नका. एखादीने लैंगिक अत्याचाराचं लिहिलं किंवा सांगितलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, तुमची इच्छा असो वा नसो. “मला कोणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन,” इतपत म्हणा. फळ्याच्या कोपऱ्यात १०९८, म्हणजे मुलांच्या मदतीचा फोन नंबर, लिहून ठेवा. आणि मी वकील नाही, कलमं एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

संमतिपत्राचा नमुना मी देत नाही. तयार नमुना मिळाला की लोक तो झेरॉक्स करतात आणि मुलांकडूनच आईची सही मारून घेतात. पालकसभेत प्रश्नावली वाचून दाखवा, नववा प्रश्नसुद्धा, मोठ्याने. ज्या प्रश्नाला तुमचा आवाज अडखळेल तो काढा.

हेडसर निवृत्त झाले. मागच्या मे महिन्यात एका लग्नात पंक्तीला शेजारी आले, तर मी विषय काढलाच. ते म्हणाले, “बाई, त्या पोरीच्या बापाची दारू सुटली. मी तीनदा गेलो होतो घरी. नाव नसतं तर कोणाच्या घरी गेलो असतो?” मी नंतर चौकशी केली. सुटली आहे, खरंच. तेव्हा मात्र मला काही बोलता आलं नाही, आणि तेवढ्यात मठ्ठा वाढायला आले.

तरी तुम्ही तो नावाचा रकाना काढा.