चालू सर्किटमध्ये एका क्लॉकवरून दुसऱ्यावर जाताना ग्लिच (क्षणभराचा नको असलेला पल्स) कसा टाळायचा?

तुमच्या एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट आपण ठरवतो अशी चिप) ५० आणि १२ मेगाहर्ट्‌झचे दोन स्वतंत्र क्लॉक साध्या मक्सला दिले आहेत; सिलेक्ट सिग्नल सांगेल तो क्लॉक मक्स पुढे पाठवतो. सिम्युलेशन स्वच्छ, पण बोर्डवर सिलेक्ट बदलला की स्टेट मशीन (टप्प्याटप्प्याने काम चालवणारं लॉजिक) कधीमधी भलत्याच स्टेटमध्ये जाऊन अडकतं. माझ्या मते दोष त्या मक्समध्येच आहे.

५० मेगाहर्ट्‌झचा क्लॉक दर २० नॅनोसेकंदांत साधारण १० नॅनोसेकंद वर असतो. तो वर गेल्यावर २ नॅनोसेकंदांतच सिलेक्ट बदलला आणि दुसरा क्लॉक त्या क्षणी खाली असला, तर आउटपुटवर जेमतेम २ नॅनोसेकंदांचा पल्स उमटतो. काही फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या एजवर, म्हणजे चढ-उताराच्या क्षणी, एक बिट साठवणारे घटक) त्याला एज समजून पुढे सरकतात, काही जागेवरच राहतात. स्टेटचे बिट एकमेकांशी जुळेनासे होतात ते इथे. साध्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये (गेटांचा खरा विलंब न धरणाऱ्या) पल्सची किमान रुंदी कोणी तपासतच नाही, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

उपाय असा: प्रत्येक क्लॉकला आपापलं अँड गेट द्या आणि दोन्हींची आउटपुट ऑर गेटमध्ये घ्या. प्रत्येक अँड गेटचा एनेबल त्याच क्लॉकच्या फॉलिंग एजवर (खाली येण्याच्या क्षणी) चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून येऊ द्या, म्हणजे तो क्लॉक खाली असतानाच बदलेल आणि चालू पल्स कापला जाणार नाही. शिवाय एका बाजूचा एनेबल उलटा करून दुसऱ्या बाजूच्या फ्लिप-फ्लॉपच्या इनपुटला अँड करा. एकेरी रेल्वेमार्गावर पहिल्या गाडीचा टोकन परत आल्याशिवाय दुसरीला सोडत नाहीत, तसंच हे. मधल्या काळात आउटपुट शांतपणे शून्यावर राहतं.

तुमचे क्लॉक एकमेकांशी बांधलेले नाहीत, त्यामुळे एनेबलचा हा निरोप पलीकडे जाताना मेटास्टेबिलिटी (फ्लिप-फ्लॉप काही काळ शून्य-एकच्या मधे लटकणं) येणारच. १९७३ साली चॅनी आणि मोलनार यांनी ती मोजून दाखवली, त्याआधी अनेकांचा तिच्यावर विश्वासच नव्हता. दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन फ्लिप-फ्लॉप लावा. पहिला रायझिंग एजवर आणि दुसरा फॉलिंगवर ठेवला तर स्थिरावायला फक्त अर्धं सायकल मिळतं. मी दोन्ही फॉलिंगवर ठेवतो. बिघाडाची शक्यता मिळालेल्या वेळेनुसार घातांकी वेगाने घटते, त्यामुळे ते जास्तीचं अर्धं सायकल फार मोलाचं आहे. सिलेक्ट मात्र थेट रजिस्टरमधून आणा, गेटांच्या गुंत्यातून नको.

तरीही एफपीजीएत हे सर्किट लुकअप टेबलांतून (सामान्य लॉजिकच्या घटकांतून) बांधू नका, असं मी आग्रहाने सांगेन. झायलिंक्सच्या चिपमध्ये याच कामासाठी बीयूएफजीमक्स हा तयार क्लॉक-मक्स आहे आणि तो थेट क्लॉकच्या जाळ्यावर बसतो. काही वेळा तर क्लॉक बदलायची गरजच नसते: एकाच वेगवान क्लॉकवर क्लॉक-एनेबल देऊन काम मंद करता येतं, आणि शक्य असेल तिथे मी तेच निवडतो.

एक कोपरा मात्र आत्ताच तपासा: जुना क्लॉक बंद पडला तर काय होईल? त्याला फॉलिंग एजच मिळणार नाही, त्याचा एनेबल उतरणार नाही आणि नवा क्लॉक कायम अडकून राहील. क्रिस्टल गेल्यावर पर्यायी क्लॉकवर जायचं असेल तर हीच परिस्थिती येते. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये यासाठी क्लॉक सिक्युरिटी सिस्टिम असते. बाहेरचा ऑसिलेटर गेला की ती आतल्या एचएसआय ऑसिलेटरवर नेते आणि एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट) देते. झायलिंक्सच्या बीयूएफजीसीटीआरएल या क्लॉक-मक्सला इग्नोर पिना आहेत. त्या वापरल्या की तो एजची वाट पाहत नाही, पण ग्लिच न येण्याची हमीही जाते, म्हणून जुना क्लॉक खरंच मेलाय हे कायम चालणाऱ्या तिसऱ्या क्लॉकवरच्या काउंटरने आधी ठरवा आणि स्विच होईपर्यंत पुढच्या लॉजिकला रीसेटमध्ये धरा.