नॅव्हिसर्ट काय होतं आणि तटस्थ देश ते मुकाट्याने का घेत होते?

तुमचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने तटस्थ देशांचा माल जर्मनीला जाण्यापासून रोखला, तर प्रत्येक जहाज भर समुद्रात तपासायला एवढ्या युद्धनौका आणल्या कुठून?

तेवढ्या नव्हत्याच. म्हणून तपासणी समुद्रावरून उचलून माल चढतो त्या बंदरात नेली. नॅव्हिसर्ट म्हणजे मालाला नाकेबंदीतून वाट देणारा दाखला. ही पद्धत १९१६ सालची. १ डिसेंबर १९३९ पासून ती पुन्हा लागू झाली.

समजा, ब्राझीलच्या सांतोसमधून लिस्बनला कॉफी पाठवायची आहे. निर्यातदार ब्रिटिश वकिलातीत अर्ज करायचा: माल कोणता, वजन किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण. अर्ज तारेने लंडनच्या आर्थिक युद्ध मंत्रालयाकडे जाई. तिथे दोन गोष्टी बघत. घेणारा काळ्या यादीत आहे का, आणि पोर्तुगालच्या कोट्यात जागा उरली आहे का. कोटा त्या देशाच्या स्वतःच्या गरजेच्या अंदाजाने ठरे, म्हणजे जास्तीचा माल पुढे जर्मनीकडे सरकू नये. अर्ज नाकारला तर कारण सहसा सांगत नसत.

सुरुवातीला हे ऐच्छिक होतं. फ्रान्स पडल्यावर ३१ जुलै १९४० च्या हुकुमाने चित्र पालटलं: नॅव्हिसर्ट नसलेला माल शत्रूचाच, असं गृहीत धरून जप्त करता येऊ लागला. तो शत्रूचा नसल्याचं सिद्ध करायचं ओझं मालकावर. जहाजालाही वेगळं नॅव्हिसर्ट लागे आणि ते सगळ्या मालाचे दाखले असतील तरच मिळे. इथेच लोक अडकत. एका व्यापाऱ्याच्या चार पेट्यांचा दाखला आला नाही तर अख्खं जहाज धक्क्यावर खोळंबे, नाहीतर त्या पेट्या उतरवाव्या लागत. दाखला मिळाला तरी तो हमी नव्हे. नंतर संशय आला की तो रद्द होई.

माझ्या मते खरी नाडी होती शिप वॉरंट, म्हणजे जहाजाला ब्रिटिश बंदरांतल्या सोयी वापरू देणारा परवाना, तोही १९४० चाच. जहाजमालकाने आपल्या सगळ्या ताफ्यासाठी लेखी हमी द्यायची की दाखल्याविना माल नेणार नाही. हमी नसेल तर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बंदरांत कोळसा, तेल, गोडं पाणी, दुरुस्तीची गोदी, लंडनचा विमा, सगळं बंद. जिब्राल्टर, एडन, कोलंबो, केपटाऊन ही बंदरं त्यांच्याच हातात. तिथे इंधन मिळणार नसेल तर लांब पल्ल्याची फेरी करायची कशी? एका जहाजाने वचन मोडलं की मालकाची बाकीची जहाजंही गोत्यात येत. तटस्थ देश मुकाट्याने सही करत, ते यामुळे.

साम्राज्याच्या बंदरांतून निघणाऱ्या मालाला तिथल्या सरकारचा निर्यात परवाना लागे. हिंदुस्थानात हे भारत संरक्षण नियमांतल्या ८४ व्या नियमाखाली चाले. परवाना नसेल तर मुंबईचं कस्टम हाऊस शिपिंग बिल (माल बाहेर पाठवण्याचा कस्टमचा कागद) पास करत नसे, आणि निर्यातीतून मिळालेलं परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेतच जमा करावं लागे. मे १९४० मध्ये आयातीवरही परवाने आले. युद्ध संपलं तरी ही चौकट मोडली नाही. मार्च १९४७ मध्ये आयात-निर्यात नियंत्रण कायदा करून तीच पुढे चालू ठेवली, आणि तो कायदा थेट १९९२ मध्ये गेला.